दोन दरवाजांच्या मैदानावरचा फलंदाज

क्रिकेट हा सभ्य माणसांचा खेळ आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वस्तीतल्या मोकळ्या जागेत रबरी चेंडूने खेळताना आम्हीही त्यावर विश्वास ठेवला होता. पुढे कायदा शिकलो, कोणताही शब्द समोर आला की त्याची व्याख्या विचारण्याची खोड लागली, आणि मग प्रश्न पडला की हा सभ्य माणूस म्हणजे नेमका कोण? इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये या शब्दाला खरोखरच व्याख्या होती. तिचा वागणुकीशी काही संबंध नव्हता. जो खेळण्याची मजुरी घेत नाही तो जंटलमन आणि जो घेतो तो नुसता प्लेयर. एक हौशी, दुसरा व्यावसायिक. दोघे एकाच संघात खेळत, पण अनेक मैदानांवर त्यांचे कपडे बदलण्याचे खण वेगळे आणि मैदानात उतरण्याचे दरवाजेही वेगळे. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापली जात, व्यावसायिकाची आडनावानंतर. १९५० साली लॉर्ड्सवर फ्रेड टिटमस या कोवळ्या पोराच्या नावापुढे चुकून आद्याक्षरे आधी छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून जाहीर दुरुस्ती करण्यात आली. साऱ्या मैदानाला सांगण्यात आले की हा मुलगा त्या पंगतीतला नाही.

आपल्या वाचकांना यात ओळखीचे बरेच काही दिसेल. परंतु आज आम्ही ज्याच्याविषयी लिहीत आहोत तो हेरॉल्ड गिंबलेट आपल्यासारखा गावकुसाबाहेरचा नव्हता. तो सॉमरसेटमधल्या शेतकरी घरातला, बऱ्यापैकी शाळेत शिकलेला गोरा मुलगा होता. वर्ग आणि वर्ण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ करणे आम्हाला मान्य नाही. व्यावसायिक खेळाडूचा स्पर्श कोणाला विटाळत नव्हता. तरीही माणसाला रोज दुसऱ्या दरवाजाने आत सोडले तर त्याच्या मनाचे काय होते, याचा एक तपशीलवार पुरावा या माणसाच्या आयुष्यात सापडतो. त्याने तो स्वतःच्या आवाजात मागे ठेवला आहे.

गिंबलेटचा जन्म १९ ऑक्टोबर १९१४ रोजी सॉमरसेट काउंटीतील बिकनोलर या खेड्यात झाला. शिक्षण डेव्हनमधील वेस्ट बकलंड शाळेत. घरी शेती. जवळच्या वॉचेट गावच्या संघातून तो खेळू लागला आणि चेंडू मैदानाबाहेर फेकणारा पोरगा म्हणून पंचक्रोशीत त्याचे नाव झाले. गावच्या मंडळींनी आग्रह धरला म्हणून १९३५ च्या मे महिन्यात सॉमरसेट क्लबने त्याला टाँटनला दोन आठवड्यांच्या चाचणीसाठी बोलावले. चाचणी संपत आली तेव्हा कारभाऱ्यांनी निकाल दिला की हा मुलगा काउंटी क्रिकेटच्या लायकीचा नाही. त्याने घरी जावे.

तेवढ्यात एक खेळाडू आजारी पडला. दुसऱ्या दिवशी फ्रोम येथे एसेक्सशी सामना, आणि अकरावा माणूस नाही. मग ज्याला नालायक ठरवले त्यालाच सांगण्यात आले की उद्या सकाळी ब्रिजवॉटरला ये, तिथून संघातला एकजण आपल्या गाडीतून तुला घेऊन जाईल. गिंबलेटची बस चुकली. खांद्यावर सामानाची पिशवी घेऊन तो रस्त्याने चालू लागला आणि एका लॉरीवाल्याने त्याला बसवून घेतले. १८ मे १९३५ चा तो दिवस. वय वीस वर्षे.

सॉमरसेटची अवस्था ६ बाद १०७ झाली असताना आठव्या क्रमांकावर हा पोरगा खेळायला आला. हातातली बॅटही स्वतःची नव्हती, आर्थर वेलार्ड या सहकाऱ्याने ती दिली होती. समोर मॉरिस निकोल्स हा इंग्लंडकडून खेळलेला वेगवान गोलंदाज, दुसऱ्या बाजूने पीटर स्मिथ हा फिरकीवाला. गिंबलेटने आधी एखाददुसरी धाव काढली आणि मग गावच्या मैदानावर मारत होता तसेच मारायला सुरुवात केली. ६३ मिनिटांत शतक. सुमारे ८० मिनिटांत १२३ धावा, त्यात १७ चौकार आणि ३ षटकार. वेलार्ड स्वतः षटकारांसाठी प्रसिद्ध होता, पण त्या दिवशी दुसऱ्या टोकाला त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. सॉमरसेटने सामना जिंकला. त्या मोसमातले सर्वांत जलद शतक म्हणून गिंबलेटला लॉरेन्स करंडक मिळाला.

क्रिकेटच्या गोष्टींमध्ये हा प्रसंग परीकथेसारखा सांगितला जातो. लॉरी, उसनी बॅट, शतक, टाळ्या. आम्हाला मात्र त्यातला आदल्या दिवशीचा निकाल जास्त महत्त्वाचा वाटतो. तो निकाल देणाऱ्यांनी चूक मान्य केली असेल वा नसेल, मुलाच्या मनातून तो कधीच पुसला गेला नाही. रातोरात वर्तमानपत्रे त्याच्या मागे लागली. गिल्बर्ट जेसप या जुन्या घणाघाती फलंदाजाशी त्याची तुलना होऊ लागली. लाजाळू, एकलकोंड्या, पटकन मनाला लावून घेणाऱ्या त्या पोराला हे सारे झेपले नाही. पुढे आयुष्याच्या अखेरीस त्याने सांगितले की फ्रोमचे ते शतक झालेच नसते तर बरे झाले असते.

दुसऱ्याच वर्षी, १९३६ साली, इंग्लंडच्या संघात त्याची निवड झाली आणि समोर संघ होता भारताचा. हा भारतीय संघ कसा होता तेही पाहिले पाहिजे. कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार. फलंदाजी किंवा गोलंदाजीच्या बळावर त्यांना त्या संघात जागा मिळाली नसती. सी. के. नायडूंसारखा माणूस संघात असताना नेतृत्व राजघराण्याकडे. लाला अमरनाथ यांच्यासारख्या उत्तम खेळाडूला शिस्तभंगाच्या नावाखाली पहिल्या कसोटीच्या आधीच बोटीने परत पाठवले गेले. आणि कर्णधारसाहेबांना त्याच दौऱ्यात सर हा किताब मिळाला. म्हणजे एकीकडे इंग्लंडचे जंटलमन, दुसरीकडे आपले संस्थानिक. घाम गाळणारे दोन्हीकडे तेच.

लॉर्ड्सच्या त्या कसोटीत पहिल्या डावात अमर सिंगने ३५ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १३४ धावांत गुंडाळले. गिंबलेट ११ वर बाद झाला. दुसऱ्या डावात जिंकायला १०७ धावा हव्या होत्या आणि खेळपट्टी सोपी नव्हती. गिंबलेट सलामीला आला, मोहम्मद निसारच्या वेगाला न डरता फटके मारले आणि नाबाद ६७ धावांवर सामना संपवूनच परतला. इंग्लंडने नऊ गडी राखून विजय मिळवला. पुढच्या कसोटीत, मँचेस्टरला, ९ धावा झाल्या आणि तो संघाबाहेर गेला. या वगळण्याचे त्याला दुःख झाले असेल असे कोणालाही वाटेल. वास्तविक त्याला हायसे वाटले होते. लॉर्ड्स, तिथली साहेबी, तिथले ठरावीक ढंगाचे इंग्रजी बोलणारे लोक, या सगळ्यात त्याचा जीव गुदमरत असे. टाँटनला तो राजा होता, लंडनला आला की शेतकऱ्याचा पोर.

तिसरी आणि शेवटची कसोटी १९३९ साली वेस्ट इंडिजविरुद्ध, पुन्हा लॉर्ड्सवर. २२ आणि २० धावा. त्या सामन्यात समोरच्या संघात लिअरी कॉन्स्टंटाईन होता. आम्ही वकील मंडळी कॉन्स्टंटाईनला वेगळ्या कारणाने ओळखतो. १९४३ साली लंडनच्या एका हॉटेलने त्याला वर्णावरून राहू दिले नाही, त्याने दावा लावला आणि १९४४ साली जिंकला. नुकसानभरपाई फक्त पाच गिनी मिळाली, पण निकाल मिळाला. प्रत्येकाला कोर्टात नेता येईल असा अपमान मिळत नाही. गिंबलेटच्या वाट्याला आलेले अपमान कोणत्याही कलमात बसणारे नव्हते.

महायुद्धात त्याने अग्निशमन दलात काम केले. बाँबहल्ल्यांनी पेटलेल्या शहरांत आगी विझवल्या, आणि जे पाहिले त्याचा परिणाम मनावर राहिला. युद्धानंतर मात्र त्याच्या फलंदाजीचा बहर आला. १९४६ साली टाँटनला मिडलसेक्सविरुद्ध २३१ धावा. सॉमरसेट त्या वर्षी चौथ्या क्रमांकावर आले, त्या गरीब काउंटीसाठी ही मोठीच गोष्ट. आणि १९४८ साली ईस्टबर्नला ससेक्सविरुद्ध ३१० धावा. सॉमरसेटच्या इतिहासातले ते पहिले त्रिशतक. हा विक्रम मोडायला १९८५ साल उजाडावे लागले आणि व्हिव्ह रिचर्ड्स यावा लागला.

त्याच १९४८ साली सॉमरसेटचा कर्णधार कोण होता? एक नव्हे, तीन. मिचेल-इनेस, सीमर आणि वुडहाऊस. पूर्ण मोसम रिकामा असलेला एकही हौशी माणूस मिळाला नाही म्हणून तिघांत वर्ष वाटून घेतले. त्यांतले पहिले दोघे सुदानमधल्या इंग्रज राजवटीतले अधिकारी, रजेवर मायदेशी आले की कर्णधार! तेरा वर्षे त्या संघाच्या डावाची सुरुवात करणारा, खेळपट्टी आणि गोलंदाज तळहातासारखे ओळखणारा गिंबलेट मात्र कर्णधार होऊ शकत नव्हता. कारण तो मजुरी घेत होता. इंग्लंडच्या संघालाच व्यावसायिक कर्णधार मिळाला तो १९५२ साली, लेन हटनच्या रूपाने. सॉमरसेटला मॉरिस ट्रेमलेटच्या रूपाने १९५६ साली मिळाला. तोवर गिंबलेट मैदान सोडून गेला होता.

आता मजुरीचे पाहू. व्यावसायिक खेळाडूला मुख्यतः उन्हाळ्याच्या मोसमाचे पैसे मिळत, हिवाळ्यात बहुतेकांना दुसरे काम शोधावे लागे. म्हातारपणाची सोय म्हणजे बेनिफिट. अनेक वर्षे इमानेइतबारे खेळलात, तर समिती तुमच्या नावाने एक सामना देईल, त्याचे तिकिटाचे उत्पन्न आणि लोकांनी टोपीत टाकलेली वर्गणी तुमची. खर्च वजा जाता. १९५३ साली गिंबलेटचा सहकारी बर्टी ब्यूस याचा बेनिफिट सामना बाथला लँकेशायरविरुद्ध होता. खेळपट्टी इतकी भिकार निघाली की तीन दिवसांचा सामना एका दिवसात आटोपला. सॉमरसेटचे दोन डाव ५५ आणि ७९. पंचेचाळिशीच्या आसपास आलेल्या माणसाची आयुष्याची पुंजी एका संध्याकाळी धुळीला मिळाली. पुढे वर्गणीतून थोडीफार भरपाई झाली हे खरे.

या बेनिफिटविषयी इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सचा १९२७ सालचा एक निकाल आहे. केंट काउंटीचा फलंदाज जेम्स सेमूर याच्या बेनिफिटच्या रकमेवर आयकर लागतो की नाही, असा वाद होता. न्यायालयाने सांगितले की लागत नाही. का? तर ही रक्कम मेहनताना नाही, ती व्यक्तिगत भेट आहे, तिच्यावर खेळाडूचा करारातून आलेला कोणताही हक्क नाही. खेळाडूंना निकालाचा आनंदच झाला, कर वाचला! आम्ही हा निकाल कर कायद्याचा अभ्यास करताना वाचला होता आणि परीक्षेपुरता पाठ केला होता. पुढे गिंबलेटचे चरित्र वाचताना त्याची दुसरी बाजू ध्यानात आली. माणसाने वीस वर्षे राबावे, त्याच्या म्हातारपणाची भाकरी कायद्यानेच भेट ठरवावी, आणि भेट देणाऱ्या समितीपुढे त्याने टोपी काढून उभे राहावे. पगार आणि दान यांतला फरक आपल्या चळवळीला समजावून सांगण्याची गरज नाही. बलुत्याचे धान्य खळ्यावर मागायला जाणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना तो हाऊस ऑफ लॉर्ड्सपेक्षा चांगला ठाऊक होता.

आणि हौशी म्हणवणाऱ्यांचे काय? त्यांना मजुरी चालत नसे, पण खर्च चालत असे. हा खर्च कधीकधी मजुरीहून मोठा असे. डब्ल्यू. जी. ग्रेस हा क्रिकेटचा महापुरुष शेवटपर्यंत हौशी होता आणि त्याने खेळातून कमावलेला पैसा भल्याभल्या व्यावसायिकांना स्वप्नातही दिसला नसता. हौशी फलंदाजाला मिस्टर किंवा सर म्हणायचे, त्याने मात्र नुसत्या आडनावाने हाक मारायची. गिंबलेटला हे सलत असे आणि तो ते लपवत नसे. म्हणून कारभाऱ्यांत तो तुसडा, तक्रारखोर, लहरी म्हणून ओळखला जाई. तो वागायला सोपा होता असे आम्हीही म्हणणार नाही. सहकाऱ्यांनाही त्याच्या मनःस्थितीचा अंदाज येत नसे. सकाळी हसणारा माणूस दुपारी कोपऱ्यात डोके धरून बसलेला असे.

१९५० साली वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटीसाठी त्याला पुन्हा बोलावणे आले, तर मानेवर मोठे गळू झाले आणि जाता आले नाही. त्याच हिवाळ्यात तो राष्ट्रकुल संघातून भारतात आला. फ्रँक वॉरेल, सनी रामाधीन, जिम लेकर यांच्यासारखे खेळाडू त्या संघात होते आणि मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरही अनधिकृत कसोटी झाली. पण हा दौरा गिंबलेटला मानवला नाही, प्रकृती ढासळली. परत गेल्यावर झोपेच्या गोळ्यांचा आधार वाढत गेला.

आश्चर्य असे की मन खचत असताना धावा थांबल्या नाहीत. १९४९ साली त्याने मोसमात दोन हजारांचा टप्पा ओलांडला होता, १९५२ या बेनिफिटच्या वर्षी तो पुन्हा ओलांडला. त्या वर्षी सॉमरसेट सर्व काउंट्यांत शेवटचे आले आणि पुढची तीन वर्षेही शेवटचेच राहिले. बुडत्या संघाचा भार एका आजारी माणसावर होता. विस्डेनने १९५३ च्या अंकात वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत त्याची निवड केली. आणि त्याच १९५३ च्या अखेरीस तो टाँटनजवळच्या टोन व्हेल या मनोरुग्णालयात दाखल झाला. तिथे त्याला विजेचे झटके देण्यात आले. कित्येक आठवडे तो तिथे होता.

१९५४ च्या उन्हाळ्यात तो परत मैदानावर उतरला. दोन सामने खेळला आणि थांबला. निरोपाचा सामना नाही, सत्कार नाही. ३६८ प्रथम श्रेणी सामने, २३,००७ धावा, ५० शतके, त्यांतली ४९ सॉमरसेटसाठी. काउंटीसाठी त्याच्याइतक्या धावा तोवर कोणी केल्या नव्हत्या. पुढे काही काळ वेल्समध्ये एब व्हेलला क्लब क्रिकेट आणि पोलाद कारखान्यातली नोकरी, मग मिलफील्ड शाळेत वीसेक वर्षे प्रशिक्षक. मुलांना शिकवताना तो बरा असे असे सांगतात. पण आजाराने पाठ सोडली नाही, संधिवाताने शरीरही जखडले. ३० मार्च १९७८ रोजी डॉर्सेटमधील व्हरवुड येथे त्याने स्वतःच आपले आयुष्य संपवले. वय त्रेसष्ट.

येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गिंबलेटच्या मृत्यूचा आरोप हौशी-व्यावसायिक भेदावर ठेवून मोकळे होणे सोपे आहे, परंतु पुराव्याला धरून होणार नाही. नैराश्य हा आजार आहे. तो बंगल्यातही शिरतो आणि झोपडीतही. त्याच व्यवस्थेत शेकडो व्यावसायिक खेळले आणि म्हातारपणी नातवंडांना गोष्टी सांगत राहिले. आम्ही एवढेच म्हणतो की आजारी माणसाला आधार देणाऱ्या ज्या गोष्टी असतात, म्हणजे मान, भाकरीची शाश्वती आणि आपले म्हणणे ऐकणारे कोणीतरी, त्या तिन्ही त्या व्यवस्थेने त्याला मोजूनमापून दिल्या. आपल्याकडेही कार्यकर्ता सभेत गप्प बसू लागला, रात्री झोपेनासा झाला, तर त्याला कच्चा म्हणून बाजूला काढतात. आम्हीही एकेकाळी असे केलेले आहे आणि ते आज सांगताना बरे वाटत नाही. कायदासुद्धा फार उशिरा सुधारला. इंग्लंडने १९६१ साली आत्महत्येचा गुन्हा रद्द केला. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालचा माणूस मानले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुने ३०९ कलम पूर्वीच्या रूपात उरले नाही.

टाँटनच्या मैदानाशी आपला एक संबंध आहे, तोही नोंदवून ठेवतो. गिंबलेट जन्मण्याआधी तीन वर्षे, १९११ साली, पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला होता. त्याच टाँटनवर सॉमरसेटविरुद्ध शिवराम पालवणकर यांनी शतक ठोकले आणि भारतीयांनी एक गडी राखून सामना जिंकला. त्यांचे थोरले बंधू बाळू पालवणकर यांनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. चर्मकार समाजातील या बाळूंना पुण्याच्या मैदानावर सोबतचे खेळाडू चहा द्यायचे तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, तो इतिहास सर्वांना माहीत आहे, पण त्यामुळे त्यांची गोलंदाजी कमी होत नाही. इंग्लंडने त्यांना मैदानात उतरवले ते कोणत्या दरवाजाने, आणि पुण्याने कोणत्या, याची तुलना वाचकांनी स्वतः करावी.

जंटलमन विरुद्ध प्लेयर्स हा सामना १८०६ पासून खेळला जात होता, तो १९६२ साली शेवटचा झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हा भेद इंग्लंडने अधिकृतपणे रद्द केला आणि सगळे नुसते क्रिकेटपटू झाले. गिंबलेट तेव्हा शाळेत मुलांना बॅट धरायला शिकवत होता.

आयुष्याच्या शेवटच्या काळात त्याने एक काम केले. डेव्हिड फूट या पत्रकाराच्या विनंतीवरून तो एकट्याने कॅसेट रेकॉर्डरसमोर बसून बोलू लागला. कधी रात्री, कधी मन फार खाली गेले असताना. वडिलांची शेती, ती लॉरी, टोन व्हेल, कारभारी, भीती, राग, सारे त्यात आहे. सूडबुद्धीही आहे आणि स्वतःविषयीची निर्दय स्पष्टताही. त्या कॅसेटवरून फूट यांनी लिहिलेले चरित्र १९८२ साली आले. २००६ साली सॉमरसेटचाच दुसरा सलामीवीर मार्कस ट्रेस्कोथिक भारताचा दौरा अर्धवट सोडून मायदेशी परतला आणि दोन वर्षांनी त्याने आपल्या नैराश्याविषयी पुस्तक लिहून उघडपणे सांगितले. त्याच्या क्लबने त्याला सांभाळून घेतले, तो त्यानंतर २०१९ पर्यंत सॉमरसेटसाठी खेळत राहिला, आणि गिंबलेटचा ४९ शतकांचा विक्रम मोडला तो त्यानेच.